नेट फुल आहे, मग पान का उघडत नाही?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत दरवर्षी एक दृश्य ठरलेले असते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख जवळ आली की संध्याकाळी सहानंतर पोरं-पोरी मोबाइल घेऊन जमतात. कोपऱ्यात दोन जुने कॉम्प्युटर आहेत, त्यांच्यापुढे रांग लागते. मागच्या खेपेला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी पाऊण तास एकाच पानासमोर बसून होती. पांढरा पडदा आणि त्यावर गोल फिरणारे चक्र. "दादा, नेट तर फुल आहे," ती म्हणाली आणि तिने स्पीड टेस्ट काढून दाखवली. खरोखरच फुल होते. पान अखेर उघडले, तिने उत्पन्नाचा दाखला चढवला आणि 'सेशन एक्सपायर्ड' अशी पाटी आली. पुन्हा पहिल्यापासून.

शेजारी बसलेल्या एका सद्गृहस्थांनी लगेच निदान केले : "मोबाइल जुना झालाय तुझा. नवीन घे."

वाचकहो, आमचा वाद या निदानाशी आहे. कारण ते एकट्या त्या गृहस्थांचे नाही. वेब बनवणारे, विकणारे आणि त्यावर जाहिराती लावणारे गेली तीस वर्षे हेच सांगत आले आहेत. हळू चालते ना, मग तुमचेच काहीतरी कमी पडते आहे; कनेक्शन वाढवा, हँडसेट बदला. दोष नेहमी वापरणाऱ्याच्या पदरात. पण कनेक्शन तर वाढले. हँडसेटही लोकांनी बदलले, हप्त्यावर घेऊन बदलले. तरी वाट पाहणे आहे तिथेच आहे. मग वाढलेला वेग गेला कुठे? तो कोणाच्या खात्यात जमा झाला? हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण त्याचे उत्तर इतिहासात आहे.

वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत मांडली आणि ऑगस्ट १९९१ मध्ये ती बाहेरच्या जगासाठी खुली झाली. तेव्हाचे पान म्हणजे नुसती अक्षरे आणि दुवे. वजन काही केबी. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमच्या मार्फत. टेलिफोनच्या तारेवर ९.६ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला फार तर १.२ केबी. चित्रांसह वेब पाहायचे खाते हजारो रुपयांचे होते; ज्यांना ते परवडत नव्हते त्यांच्यासाठी फक्त अक्षरे दाखवणारे 'शेल' खाते होते. म्हणजे पहिल्याच दिवसापासून वेबला दोन दारे होती. पण एक गोष्ट तेव्हा खरी होती : अक्षरांच्या दारातून आत गेलेल्यालाही मजकूर पूर्ण मिळत असे.

हिशेबच करून पाहू. तुम्ही वाचताय तो हा लेख देवनागरीत आहे. संगणकाच्या युनिकोड पद्धतीत (यूटीएफ-८ म्हणतात ती) देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते. इंग्रजीचे एकच घेते. तरीही या अख्ख्या लेखाचे वजन साधारण पन्नास केबीच्या आसपास भरेल. १९९५ च्या त्या मरतुकड्या जोडणीवरही तो पाऊण मिनिटात पोहोचला असता. वेबच्या पानांची मोजदाद ठेवणाऱ्या 'एचटीटीपी अर्काइव्ह' या प्रकल्पानुसार २०२४ च्या अखेरीस डेस्कटॉपवरचे मधले पान सुमारे २.६ एमबीचे आणि मोबाइलवरचे सुमारे २.३ एमबीचे होते. मधले म्हणजे निम्मी पाने याहूनही जड. ही मोजदाद २०१० च्या नोव्हेंबरात सुरू झाली तेव्हा डेस्कटॉपचे मधले पान अर्ध्या एमबीच्या आत होते. म्हणजे चौदा वर्षांत पाचपट. पानावरचा मजकूर पाचपट झाला का? बातमी तेवढीच, अर्जाचे रकाने तेवढेच, पुस्तकाची किंमतही एकाच ओळीत मावणारी. मग बाकीचे वजन कशाचे?

हे वजन एका दिवसात चढले नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये मार्क अँड्रीसन यांनी पानात चित्र बसवण्याची खूण सुचवली आणि आपल्या 'मोझॅक' ब्राउझरमध्ये ती आणलीही. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी 'कुकी' तयार केली. उद्देश साधा होता, दुकानाच्या साइटला ग्राहकाची टोपली लक्षात राहावी. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला 'हॉटवायर्ड' या साइटवर बॅनर जाहिराती झळकल्या. मे १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा लिहिला, म्हणजे पानाला हालचाल करता येऊ लागली. चित्र, स्मरण, जाहिरात, हालचाल. चारही गोष्टींत वावगे काही नव्हते. पुढे त्या एकत्र आल्या आणि त्यांचा एक धंदा झाला, तेव्हा प्रकरण बिघडले. त्याकडे येऊच.

त्या काळात, म्हणजे नव्वदच्या दशकात, साइट बनवणारे लोक केबी-केबी मोजत. चित्र कापून लहान करत, रंग कमी करत. ते फार थोर होते अशातला भाग नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांच्याही टेबलावर तोच कर्कश आवाज करणारा मोडेम होता. आपण बनवलेले पान आपल्यालाच अर्धा मिनिट थांबवते म्हटल्यावर माणूस आपोआप शहाणा होतो. बनवणारा आणि वापरणारा एकाच रांगेत उभे होते, तोवर पाने हलकी राहिली. पुढे बनवणाऱ्याच्या घरी ब्रॉडबँड आले, मग फायबर आले, टेबलावर लाख-दीड लाखाचा लॅपटॉप आला. तो रांगेतून बाहेर पडला. आमच्या मते वेबच्या इतिहासातले खरे वळण हेच, आणि त्याची तारीख कुठल्याही पुस्तकात सापडत नाही.

फेसबुकने ऑक्टोबर २०१५ मध्ये 'टूजी ट्यूजडे' नावाचा उपक्रम काढला होता. दर मंगळवारी कर्मचाऱ्यांना विचारायचे, तासभर टूजीच्या वेगाने फेसबुक वापरून बघता का? उपक्रम चांगलाच होता, आम्ही नावे ठेवत नाही. पण त्याचा अर्थ काय होतो तो पाहा. कोट्यवधी माणसे रोज जे भोगत होती, ते कळावे म्हणून बनवणाऱ्यांना आठवड्यातून एक तासाचे सोंग घ्यावे लागत होते, आणि तेही ऐच्छिक.

आता काही मंडळी म्हणतील की वजन वाढले असेल, पण वेग त्याहून जास्त वाढलाय, २.६ एमबी म्हणजे आजच्या फोरजीवर एका सेकंदाचे काम. हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे आणि म्हणूनच त्याची चिकित्सा करायला हवी.

जोडणीचा वेग म्हणून आपल्याला जो आकडा विकला जातो, तो रस्त्याच्या रुंदीचा आहे. अंतराचा नाही. तालुक्याचा रस्ता दुपदरीचा चौपदरी केला म्हणून तलाठी कार्यालयाचे हेलपाटे कमी होतात का? आपल्यापैकी कोणाला हे समजावून सांगायची गरज नाही. पहिल्या दिवशी विचारायचे, कोणाच्या टेबलावर काम आहे. दुसऱ्या दिवशी ओळख पटवायची. तिसऱ्या दिवशी अर्ज द्यायचा, मग कागद घ्यायला पुन्हा. रस्ता कितीही रुंद असो, चार हेलपाटे म्हणजे चार हेलपाटे. वेबचेही अगदी असेच आहे. आधी नावावरून पत्ता शोधायचा, हा एक हेलपाटा. मग सर्व्हरशी हस्तांदोलन, हा दुसरा. मग कुलूप-किल्ली ठरवायची, म्हणजे सुरक्षित जोडणीची बोलणी. पूर्वी याला दोन हेलपाटे लागत, २०१८ च्या नव्या नियमानंतर एक पुरतो. आणि मग कुठे "पान द्या" असे म्हणायचे.

काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जाऊन-येऊन एका हेलपाट्याला किमान सव्वाशे मिलिसेकंद. तारा वाकड्यातिकड्या जातात, मध्ये थांबे असतात, म्हणून प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास. निसर्गनियमच तो, कुठलीही कंपनी कितीही महाग प्लॅन विकून तो बदलू शकत नाही. वर आणखी एक गोष्ट. नवी जोडणी सुरुवातीला जपून चालते. पहिल्या फेरीत साधारण चौदा-पंधरा केबीच येतात, ते नीट पोहोचले तर पुढच्या फेरीत दुप्पट. म्हणजे रस्ता शंभर पदरी असला तरी पहिल्या काही खेपा एकाच टेम्पोने होतात. २०१० साली गूगलचे माइक बेल्शे यांनी हे मोजून दाखवले होते : जोडणी ५ एमबीपीएसवरून १० वर नेली, म्हणजे दुप्पट केली, तर पान उघडण्याच्या वेळेत सुधारणा झाली अवघी पाच टक्के. हेलपाट्याचा वेळ कमी केला की मात्र सुधारणा सरळ दिसत होती. हे पंधरा वर्षांपूर्वीच माहीत होते, वाचकहो. तरीही आपल्याला 'अमुक एमबीपीएस' एवढाच आकडा विकला जातो, कारण रुंदी विकता येते आणि अंतर विकता येत नाही.

मोठ्या कंपन्यांनी यावर उपाय केला, आपल्या मजकुराच्या प्रती गावोगावच्या सर्व्हरवर ठेवल्या, म्हणजे हेलपाटा जवळचा झाला. पण पानात जर तीसेक वेगवेगळ्या ठिकाणांहून वस्तू आणायच्या असतील तर प्रत्येक ठिकाणचा हेलपाटा वेगळा. आणि आज पानात त्या असतात.

यानंतर येतो तो शिध्याचा प्रकार. पूर्वी सर्व्हर पान तयार करून पाठवायचा. ताट वाढून यायचे, तुम्ही फक्त जेवायचे. २००५ च्या फेब्रुवारीत गूगल मॅप्स आले, आणि पान पुन्हा न उघडता त्यातला एखादाच भाग बदलत ठेवता येतो हे लोकांनी पाहिले. उत्तम गोष्ट होती. नकाशा, मेल, रेल्वेच्या आसनांचा तक्ता, अशा कामांना ती हवीच. पण २०१० च्या आगेमागे अँग्युलर, २०१३ मध्ये रिअॅक्ट अशी साधने आली आणि साध्या बातमीचे पानही तसेच बनू लागले. आता सर्व्हर ताट पाठवत नाही. तो शिधा पाठवतो, शेगडी पाठवतो, कृतीचे पुस्तक पाठवतो आणि म्हणतो, स्वयंपाक तुमच्या घरी करा. जळण तुमचे. बनवणाऱ्याची सोय झाली, त्याचा सर्व्हरचा खर्च वाचला, आणि तो खर्च लाखो मोबाइलांच्या प्रोसेसरवर आणि बॅटरीवर वाटून टाकला गेला. कोणाला विचारून?

आणि सगळ्यांच्या शेगड्या सारख्या नसतात. गूगलमधले अभियंते अॅडी ओस्मानी यांनी सीएनएनच्या साइटवर याचे मोजमाप मांडले होते. तिथले जावास्क्रिप्ट हाताळायला आयफोन ८ ला सुमारे चार सेकंद लागत होते, मोटो जी ४ सारख्या मध्यम फोनला सुमारे तेरा, आणि अल्काटेल वन एक्स या स्वस्त फोनला सुमारे छत्तीस. नेट तेच, पान तेच. फरक फक्त खिशाचा. "मोबाइल जुना झालाय, नवीन घे" म्हणणाऱ्या सद्गृहस्थांचे निदान इथे अर्धे बरोबर ठरते, हे आम्ही मान्य करतो. फोन कमी पडतो हे खरेच. पण एका पानाची अक्षरे दाखवायला छत्तीस सेकंद राबावे लागते, यात फोनचा गुन्हा कोणता? तीस वर्षांपूर्वीचा, याहून कितीतरी पटीने दुबळा संगणक तीच अक्षरे दाखवत होता.

निक्लाउस विर्थ या स्विस संगणकशास्त्रज्ञाने फेब्रुवारी १९९५ च्याच एका लेखात ही तक्रार मांडून ठेवली होती : यंत्रे जितक्या वेगाने वेगवान होतात, त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर सुस्त होते. त्याच्याही आधी, १८६५ साली, विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने इंग्लंडच्या कोळशाबद्दल दाखवले होते की वाफेची इंजिने कमी कोळशात चालू लागली तेव्हा कोळसा वाचला नाही, उलट जास्त जळला. या दोघांचे दाखले देऊन बरेच लोक खांदे उडवतात आणि म्हणतात, निसर्गनियमच आहे हा. आम्हाला ते मान्य नाही. प्रकाशाचा वेग हा निसर्गनियम. पानात काय घालायचे हा मात्र कुणीतरी खुर्चीत बसून घेतलेला निर्णय असतो. व्यवस्थेच्या निर्णयांना निसर्गनियम म्हणून खपवण्याची युक्ती आपल्याला नवीन नाही.

तर मग निर्णय कोणाचे? इथे त्या धंद्याकडे येऊ.

बॅनर जाहिरात सुरुवातीला वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसारखी होती. जागा घेतली, पैसे दिले, सगळ्यांना एकच जाहिरात दिसली. पुढे डबलक्लिकसारख्या कंपन्यांनी कुकी वापरून एकच माणूस अनेक साइटींवर ओळखायला सुरुवात केली. गूगलने २००७ मध्ये ३.१ अब्ज डॉलरला डबलक्लिक घेण्याचे जाहीर केले. २००५ मध्येच आपले फुकटचे 'अॅनालिटिक्स' साइटवाल्यांना दिलेले होते. त्यानंतर जाहिरातींचा लिलाव सुरू झाला. आज तुम्ही एखादे पान उघडता तेव्हा तुमच्या डोळ्यांची बोली लागते. तुम्ही कोण, कुठले, मागे काय पाहिले, हे अनेक कंपन्यांना कळवले जाते, त्या दहाव्या हिश्श्याच्या सेकंदात बोली लावतात, जो जिंकतो त्याची जाहिरात येते. हा लिलाव कधी सर्व्हरवर होतो, कधी तुमच्याच ब्राउझरमध्ये. बाजार भरवला तुमच्या ओट्यावर, हमाली केली तुमच्या फोनने, डेटा कापला तुमच्या रिचार्जमधून आणि पैसे वाटून घेतले तिसऱ्यांनीच.

यात आणखी एक बारीकशी, पण फार परिणाम करणारी घटना आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये गूगलने 'टॅग मॅनेजर' दिला. तोवर पानात एखादी मोजणीची वा जाहिरातीची लिपी घालायची तर प्रोग्रामरला सांगावे लागे, तो कुरकुर करायचा, "कशाला हवी?" असे विचारायचा. आता मार्केटिंगचा माणूस परस्पर घालू लागला. कुरकुर करणारा माणूसच मधून गेला. आपल्या घरातला माळा आठवा. वर टाकायला प्रत्येक जण तयार, उतरवायला कोणी नाही. तीन वर्षांपूर्वी संपलेल्या जाहिरात मोहिमेची लिपी आजही पानात चढलेली असते, कारण ती काढली तर काय बिघडेल हे कोणालाच सांगता येत नाही आणि काढल्याबद्दल कोणाला बढतीही मिळत नाही.

माळा रिकामा केला तर काय होते, याचा एक दाखला आमच्या फार आवडीचा आहे. २५ मे २०१८ रोजी युरोपात खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा, जीडीपीआर, लागू झाला. विचारल्याशिवाय माणसाचा माग काढायचा नाही. अमेरिकेच्या 'यूएसए टुडे' या वृत्तपत्राने त्यावर सोपा मार्ग काढला : युरोपातल्या वाचकांसाठी माग काढणाऱ्या लिप्या आणि जाहिराती काढून टाकलेली वेगळी आवृत्ती ठेवली. तिथल्या एका वेब अभियंत्याने दोन्ही आवृत्त्या मोजून जाहीर केल्या. मूळ पान ५.२ एमबी, युरोपचे अर्धा एमबी. मूळ पान उघडायला पंचेचाळीस सेकंदांहून जास्त, युरोपचे तीन. जावास्क्रिप्टच्या फाइली १२४ वरून शून्यावर. बातम्या त्याच! कोणी नवी तारही टाकली नाही. एक कायदा आला आणि साइट पंधरापट वेगवान झाली. ज्यांना हे 'तांत्रिक अपरिहार्यता' वाटते त्यांनी या एका दाखल्याचे उत्तर द्यावे.

जाहिरातींवर चालणाऱ्या वृत्तपत्राने पोट कशावर भरायचे, हा प्रश्न रास्त आहे. तो आम्ही टाळत नाही. छोटी नियतकालिके चालवणे म्हणजे काय, हे आमच्यातल्या अनेकांनी वर्गणीच्या पावत्या फाडत अनुभवले आहे. पण जाहिरात दाखवणे वेगळे आणि वाचकाच्या मागे हेर लावणे वेगळे. पहिल्याला एक चित्र लागते. वजन येते ते दुसऱ्याचे. शिवाय सगळे वजन फुकट आहे असेही आम्ही म्हणत नाही. नव्वदच्या दशकात मराठी वृत्तपत्रांच्या साइटी आपापल्या फॉन्टवर चालत. तो फॉन्ट तुमच्याकडे नसला की पडद्यावर नुसता कचरा दिसे. आज कोणत्याही फोनवर मराठी दिसते. जोडणी सुरक्षित झाली, त्यासाठी हेलपाटा वाढला तर वाढू दे.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे. वेग कमी होतोय हे कंपन्यांना कळत नव्हते का? कळत होते. २००६ मध्ये गूगलच्या मरिसा मेयर यांनी सांगितले होते की शोधाचे निकाल दहाऐवजी तीस दाखवले, तेव्हा पान अर्ध्या सेकंदाने मंदावले आणि वापर वीस टक्क्यांनी घसरला. म्हणजे अर्ध्या सेकंदाची किंमत त्यांना पुरती ठाऊक होती. मग प्रश्न असा की कोणाचा अर्धा सेकंद मोजला जात होता?

याचे उत्तर यूट्यूबच्या एका गोष्टीत आहे. २००९ च्या सुमारास तिथे काम करणारे क्रिस झकरायस यांच्या लक्षात आले की व्हिडिओचे पान १.२ एमबीचे झाले आहे. त्यांनी ते छाटून ९८ केबीवर आणले आणि नाव दिले 'फेदर', पीस. थोड्या लोकांवर प्रयोग करून आकडे पाहिले तर धक्का बसला. पान बारापट हलके होऊनही उघडण्याची सरासरी वेळ कमी होण्याऐवजी वाढली होती! त्यांना आपले काम फसले असे वाटले. मग त्यांनी आकडे देशवार लावून पाहिले आणि उलगडा झाला. आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, सैबेरियाचा दूरचा भाग, इथून अचानक माणसे येऊ लागली होती. त्यांना हे हलके पान उघडायलाही दोन-दोन मिनिटे लागत होती, म्हणून सरासरी चढली. जुन्या पानाला त्यांना वीस मिनिटांहून जास्त लागली असती. म्हणजे ती माणसे जुन्या आकडेवारीत हळू नव्हती, ती आकडेवारीत नव्हतीच. जो दाराबाहेरूनच परतला त्याची नोंद आतल्या वहीत कशी होणार? आणि वही पाहून वर म्हणायचे, आमच्याकडे सगळे समाधानी आहेत.

आमचे सगळे म्हणणे या एका प्रसंगात आले. सरासरी काढायची ती आत आलेल्यांची. बाहेर राहिलेल्यांची गणतीच नाही, म्हणून त्यांचा प्रश्नही नाही. गणतीत नसणे म्हणजे काय असते, हे आम्ही दुसऱ्या कोणाकडून शिकायची गरज नाही.

भारताने हे चक्र फार थोड्या वर्षांत पाहिले. टूजीच्या काळात आपली पोरे ऑपेरा मिनी वापरत. तो ब्राउझर पान आपल्या सर्व्हरवर पिळून, हलके करून फोनवर पाठवायचा. २०१५ मध्ये फ्लिपकार्टने मोबाइलवरची साइट बंद करून सर्वांना अॅपकडे वळवले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात 'फ्लिपकार्ट लाइट' नावाची हलकी साइट पुन्हा आणावी लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले. शेकडो रुपयांचा एक जीबी दहा-वीस रुपयांवर आला. ही मोठीच गोष्ट होती. ज्या घरात वर्तमानपत्र येत नव्हते तिथे व्हिडिओ आला. पण त्याचबरोबर एक अदृश्य बदल झाला. डेटा स्वस्त झाला म्हणताच पान हलके ठेवण्याचे उरलेसुरले कारणही संपले. हलक्या आवृत्त्या एकेक करून मावळू लागल्या. भारत डोळ्यांपुढे ठेवून आणलेले 'यूट्यूब गो' ऑगस्ट २०२२ मध्ये बंद झाले. जीमेलचे साधे, जुन्या संगणकावरही झटकन उघडणारे 'बेसिक एचटीएमएल' रूप २०२४ च्या सुरुवातीला बंद झाले. आमच्या अभ्यासिकेतले दोन कॉम्प्युटर त्याच रूपावर मेल उघडत होते. आता त्यांच्यावर मेल उघडायला लावायचे आणि चहा पिऊन यायचे.

त्या मुलीचा अर्ज शेवटी रात्री पावणेदोनला गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या पोर्टलचे पान उघडून त्यात काय-काय येते ते पाहिले. कोणाही ब्राउझरमध्ये ते पाहता येते, त्यासाठी इंजिनिअर व्हावे लागत नाही. लॉगिनच्या दोन रकान्यांच्या वर मान्यवरांच्या छायाचित्रांचा सरकता पट्टा होता. छायाचित्रे कॅमेऱ्यातून निघाली तशीच, न छाटता चढवलेली. खाली उत्सवाच्या शुभेच्छांचा व्हिडिओ होता, कोणी न मागता आपोआप सुरू होणारा. न वापरलेले चार प्रकारचे फॉन्ट होते. आणि अर्जाच्या पानावर, जिथे विद्यार्थी आपली जात आणि घरचे उत्पन्न लिहितो तिथे, जाहिरातवाल्या कंपनीची माग काढणारी लिपी होती.

आम्ही संबंधित कार्यालयाला पत्र लिहिले. मागण्या चार : लॉगिनच्या पानावरून छायाचित्रे व व्हिडिओ काढावेत, माग काढणाऱ्या लिप्या काढाव्यात, अर्धवट भरलेला अर्ज आपोआप जतन व्हावा, आणि नवे पान जाहीर करण्याआधी ते सहा-सात हजारांच्या फोनवर, तालुक्याच्या गावी, संध्याकाळी आठ वाजता उघडून पाहावे. तीन आठवड्यांनी दोन ओळींचे उत्तर आले : विद्यार्थ्यांनी अद्ययावत ब्राउझर व हाय-स्पीड इंटरनेटचा वापर करावा. दुसरे पत्र आम्ही लिहिले आहे. त्यासोबत त्या मुलीच्या स्पीड टेस्टचा फोटो जोडला आहे, आकाराने लहान करून.